जास्त वेगाच्या रॅमला वरचे पैसे मोजावेत का?

दादर_टीटी (धागाकर्ता)

नवा पीसी जोडायचा आहे. प्रोसेसर रायझेन ५ ७६००, बोर्ड बी६५० चार स्लॉटचा, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. काम म्हणजे लाइटरूम, फोटोशॉप, थोडं प्रोग्रॅमिंग आणि रात्री गेम. लॅमिंग्टन रोडवर ३२ जीबीच्या (१६ च्या दोन स्टिक) तीन किट पाहिल्या:

अ) डीडीआर५ ५६००, सीएल४६
ब) डीडीआर५ ६०००, सीएल३०, 'अ'पेक्षा साधारण १२ टक्के महाग
क) डीडीआर५ ७२००, सीएल३४, 'अ'पेक्षा ४० टक्के महाग

आकडा मोठा म्हणजे पीसी वेगवान, इतकं सरळ आहे का? की 'अ' घेऊन उरलेले पैसे दुसरीकडे लावावेत? कारणासकट सांगा, म्हणजे पुढच्या वेळी विचारावं लागणार नाही.

---

नॅनोसेकंद

'ब' घ्या. 'क' या प्रोसेसरवर वाया जाईल.

आधी आकड्याचा अर्थ. ६००० हे मेगाहर्ट्झ नव्हेत, दुकानात तसं म्हणत असले तरी. घड्याळ ३००० मेगाहर्ट्झचं असतं आणि दर ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून सेकंदाला ६००० दशलक्ष वेळा. एका चॅनेलमधून (रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधली एक वाट) एका वेळी ८ बाइट जातात. दोन चॅनेल धरून ६००० × ८ × २, म्हणजे सेकंदाला ९६ जीबी. ५६०० ला ८९.६ येतात. जुन्या डीडीआर४ ३२०० ला ५१.२.

हा झाला पाइपचा व्यास. पण नळ सोडल्यावर पहिला थेंब यायला किती वेळ लागतो, ही गोष्ट वेगळी आणि तोच सीएल. त्याचं गणित: सीएल × २००० ÷ वेग = नॅनोसेकंद.

५६०० सीएल४६: १६.४
६००० सीएल३०: १०
७२०० सीएल३४: ९.४
(तुलनेला डीडीआर४ ३२०० सीएल१६: १०)

म्हणजे 'अ'वरून 'ब'वर जाताना व्यास जेमतेम ७ टक्के वाढतो, पण पहिल्या थेंबाची वाट ३९ टक्के कमी होते. ते १२ टक्के जास्तीचे पैसे सीएल ४६ चा ३० झाला त्याचे आहेत, ५६०० चे ६००० झाले त्याचे नाहीत. कोणी ६००० सीएल४० ची किट त्याच भावात पुढे केली तर घेऊ नका. तिचे १३.३ नॅनोसेकंद होतात.

आता 'क'. रायझेन ७००० मधला मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅमशी बोलणारा भाग) रॅमच्या घड्याळाला बरोबरीने साथ देतो ती ६००० पर्यंत, चिप चांगली निघाली तर ६४०० पर्यंत. त्यापुढे बोर्ड आपणहून १:२ वर उतरतो. ७२०० च्या रॅमचं घड्याळ ३६००, कंट्रोलर मात्र १८००. 'ब'ला तोच कंट्रोलर ३००० वर धावत असतो. रॅममध्ये अर्धा नॅनोसेकंद वाचवला आणि कंट्रोलरमध्ये त्याहून जास्त घालवला.

शिवाय ७६०० मध्ये कोअरची चिप एकच. ती आणि मेमरी कंट्रोलर यांच्यामधला रस्ता दर ठोक्याला ३२ बाइट वाचतो. त्या रस्त्याचं घड्याळ, म्हणजे एफक्लॉक, २००० धरलं तर सेकंदाला ६४ जीबी. रॅम ९६ द्यायला तयार आहे आणि कोअरपर्यंत ६४ च्या वर वाट नाही. ७२०० ची रॅम ११५ देऊ करते, ते कोणी घ्यायचे?

---

विक्रोळीकर

गणित बरोबर आहे, पण निष्कर्षाशी पूर्ण सहमत नाही. ४०६० वर १०८०पी मध्ये सेटिंग हाय किंवा अल्ट्रा ठेवलं की बहुतेक नव्या गेममध्ये कार्डच आधी दमतं. कार्ड ९८ टक्क्यांवर असताना प्रोसेसर त्याची वाट पाहत बसतो आणि रॅम प्रोसेसरची. तिथे सीएल४६ आणि सीएल३० चा फ्रेमरेट सारखाच दिसेल. ते १२ टक्के एसएसडी ५०० जीबीऐवजी १ टीबी घेण्यात जास्त सत्कारणी लागतील. लाइटरूमची कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू दोन्ही भराभर फुगतात.

---

नॅनोसेकंद

सरासरी फ्रेमरेटबद्दल म्हणत असाल तर मान्य. पण रॅमचा फरक सरासरीत कमी आणि १ टक्का लो मध्ये (सगळ्यांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग) जास्त दिसतो. गर्दीच्या चौकात गाडी वळवली आणि चित्र क्षणभर अडकलं, त्या जागा. व्हॅलोरंट, सीएस२ असे हलके गेम १४४ च्या वर चालवायचे असतील तर तिथे कार्ड नाही, प्रोसेसरच आडवा येतो.

आपण कुठल्या बाजूला आहोत हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. आफ्टरबर्नर या प्रणालीत जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) वापर स्क्रीनवर दिसेल असा लावा. नेहमीच्या सेटिंगवर तो ९७-९९ असेल तर रॅमवर पैसे घालून काही मिळणार नाही. ७०-८० वर घोटाळत असेल तर गेमचं रिझोल्युशन ७२०पी करून बघा. फ्रेमरेट तेवढाच राहिला तर अडसर प्रोसेसर आणि रॅमचा आहे, आणि तिथे सीएल कामी येतो.

---

मुलुंड_चेकनाका

यात एक अपवाद जोडतो. ७८००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी सारखा प्रोसेसर असेल तर वरचं निम्मं शिथिल होतं. त्यांच्यात ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) आहे, ७६०० मध्ये ३२. गेमला वारंवार लागणारा डेटा कॅशमध्येच सापडतो, रॅमपर्यंत हेलपाटा कमी. तिथे साधी किट लावली तरी फार जाणवत नाही.

---

चाळीतला_सर्व्हर

वेगावर इतकी चर्चा झाली, पण क्रम उलटा लागतोय. आधी किती जीबी, मग किती स्टिक, आणि सगळ्यांत शेवटी वेग.

रॅम कमी पडली की विंडोज डेटा एसएसडीवर ढकलतं. रॅममधून डेटा यायला प्रत्यक्षात ७०-८० नॅनोसेकंद लागतात (सीएलचे १० हा त्यातला एक तुकडा). चांगल्या एनव्हीएमई एसएसडीला ५०,००० नॅनोसेकंद आणि वर. सीएल३० घेऊन सहा नॅनोसेकंद वाचवायचे आणि १६ जीबीत अडकून पन्नास हजार मोजायचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

आपल्याला किती लागते ते असं बघा: नेहमीची सगळी कामं एकदम उघडा. लाइटरूममध्ये पॅनोरमा जोडायला लावा, ब्राउझरचे टॅब राहू द्या. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. 'इन यूज' बघू नका, 'कमिटेड'चा पहिला आकडा बघा. तो बसवलेल्या रॅमच्या जवळपास असेल किंवा पुढे गेला असेल तर पुढचा रुपया जीबीवर. निम्म्यावर असेल तर वेगाचा विचार करायला हरकत नाही.

भावाचंही बोलायला हवं. २०२५ च्या अखेरीपासून डेटासेंटरांची मागणी वाढली, चिप बनवणाऱ्या सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉनने क्षमता तिकडे वळवली आणि साध्या डीडीआर५ चे भाव चढले. अशा वेळी ३२ साध्या विरुद्ध १६ वेगवान असा पेच पडतो. माझं मत ठाम आहे: १६ वेगवानपेक्षा ३२ साधी.

त्यातही ८ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक टाळा. ८ जीबीच्या स्टिकवर सहसा १६-बिट रुंदीच्या चार चिप असतात आणि त्यांत बँक ग्रुप ८ ऐवजी ४. कंट्रोलरला एका ग्रुपची तयारी होईपर्यंत दुसऱ्यातून वाचायची सोय निम्मी होते. लेबलवर तोच वेग, तोच सीएल, तरी काम मंद.

---

शिवडी_बंदर

+१. आणि एक १६ जीबीची स्टिक 'नंतर दुसरी टाकू' म्हणून घेऊ नका. एका स्टिकवर व्यास सरळ निम्मा. ६००० ची एक स्टिक ४८ जीबी प्रति सेकंद देते, म्हणजे दोन डीडीआर४ ३२०० पेक्षाही कमी.

सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारी प्रणाली) पाहताना मात्र गोंधळू नका. डीडीआर५ ची प्रत्येक स्टिक आतून ३२-बिटच्या दोन उपचॅनेलमध्ये विभागलेली असते. एक स्टिक असली तर '२ × ३२-बिट' दिसतं आणि माणसाला वाटतं ड्युअल चॅनेल चालू आहे. दोन स्टिक नीट बसल्या असतील तर '४ × ३२-बिट' दिसलं पाहिजे.

---

एपीयू_आजोबा

ग्राफिक्स कार्ड नसलेल्यांसाठी उत्तर वेगळं आहे. ५६००जी, ८६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये चित्र काढणारा भागही हीच रॅम वापरतो. स्वतंत्र कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते, ४०६० ला २७२ जीबी प्रति सेकंद. इथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून डीडीआर५ वर (८६००जी) ९६ मध्ये आणि डीडीआर४ वर (५६००जी) ५१ मध्ये भागवतात. त्यामुळे वेग वाढला की फ्रेमरेट बऱ्यापैकी वाढतो. माझ्या मते इथे वेगासाठी जास्त पैसे देणं डोळे मिटून योग्य.

दुसरी जागा म्हणजे घरच्या पीसीवर, कार्डाशिवाय चालवलेली भाषा मॉडेल. प्रत्येक शब्दखंडासाठी पूर्ण मॉडेल रॅममधून एकदा वाचावं लागतं. ८ अब्ज पॅरामीटरचं ४-बिट मॉडेल ५ जीबीच्या आसपास. ५१.२ भागिले ५, म्हणजे डीडीआर४ वर सेकंदाला जास्तीत जास्त १० शब्दखंड. ९६ असते तर १९. पण धागाकर्त्यांच्या ७६०० वर वर सांगितलेला ६४ चा रस्ता आड येतो, म्हणून १३ च्या आत. दोन कोअर-चिपवाला ७९०० असेल तर तो अडसर उरत नाही.

७-झिपने फाइल आवळणं, मोठा प्रोग्रॅम कंपाइल करणं यांत थोडा फरक दिसतो. ब्लेंडर, सिनेबेंच, हँडब्रेक, टॅली, ऑफिस यांत नगण्य.

---

दादर_टीटी

कमिटेडचा आकडा सध्याच्या १६ जीबीच्या पीसीवर पाहिला, २३ दाखवतो. म्हणजे ३२ पक्की. गेममध्ये सीएस२ आहेच. 'ब'कडे झुकतोय. बसवताना काय सांभाळायचं?

---

सोल्डरगन

याच टप्प्यावर बहुतेकांचे पैसे पाण्यात जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

स्लॉट: प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा. बोर्डावर ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. पहिल्या-तिसऱ्यात बसवल्या तर पीसी चालू होतो, पण तारांच्या रचनेमुळे ६००० वर डळमळतो. दोन्ही टोकांवर दाबा, चाप टक करून बसला पाहिजे. काही बोर्डांवर चाप एकाच बाजूला असतो. तिथे दुसरी बाजू अर्धवट राहण्याची चूक हमखास होते.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी राहील. एएम५ बोर्ड (७६०० ज्या सॉकेटमध्ये बसतो तो) रॅमला 'ट्रेन' करत असतो. प्रत्येक तारेवर सिग्नल किती उशिरा पोचतो ते मोजून जुळवणी करतो. याला काही मिनिटं लागतात. बोर्डावरचा 'डीरॅम' दिवा पेटलेला दिसतो, लोक घाबरून मेन बंद करतात आणि जुळवणी परत पहिल्यापासून. दहा मिनिटं हात लावू नका.

पीसी चालू झाला तरी रॅम ६००० वर नसते. मूळ नोंदीप्रमाणे ४८०० किंवा ५६०० वर असते. ६००० सीएल३० हा स्टिकमध्ये लिहून ठेवलेला वेगळा प्रोफाइल आहे, तो बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावा लागतो. एएमडीच्या बोर्डावर त्याचं नाव एक्स्पो, इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी. चालू करा, एफ१० ने साठवा, पुन्हा जुळवणीची काही मिनिटं जाऊ द्या. मग टास्क मॅनेजरमध्ये वेग बघा. सीपीयू-झेड निम्मा आकडा दाखवेल, ३००० च्या जवळ, तो बरोबर आहे.

झेनटायमिंग्ज नावाची छोटी प्रणाली उतरवून तीन आकडे तपासा: एमक्लॉक (रॅमचं घड्याळ) ३०००, यूक्लॉक (कंट्रोलरचं) ३०००, एफक्लॉक २०००. यूक्लॉक १५०० दिसला तर बोर्ड १:२ वर गेलाय. बायोसमध्ये 'यूक्लॉक डिव्ह१ मोड' शोधून 'यूक्लॉक = एमक्लॉक' करा.

त्याच पानावर व्हीएसओसी (मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं व्होल्टेज) दिसेल. एक्स्पो लावला की काही बोर्ड हे व्होल्टेज गरजेपेक्षा चढवतात. ६००० ला १.२० ते १.२५ पुरतं. १.३० च्या वर कधीच नाही. २०२३ मध्ये काही रायझेन ७०००एक्स३डी जळाल्यानंतर एएमडीने बायोसमधूनच १.३ ची मर्यादा घातली. म्हणून बोर्ड बरेच दिवस दुकानात पडून असेल तर रॅमच्या आधी बायोस नवा करा.

---

विक्रोळीकर

एक भर. रोज चालू करताना पुन्हा अर्धा-एक मिनिट जुळवणी होत असेल तर बायोसमध्ये 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' चालू करा, आधीची जुळवणी वापरली जाते. सोबत 'पॉवर डाउन' हे रॅमचं सेटिंगही चालू ठेवा, नाहीतर निळी स्क्रीन येण्याच्या तक्रारी बऱ्याच आहेत. तरीही अडखळला तर रिस्टोअर बंद करा आणि तेवढा वेळ थांबायची तयारी ठेवा.

---

अंधेरी_पूर्व

मध्येच विचारतो. माझ्याकडे आय५ १२४०० आणि एच६१० बोर्ड आहे, डीडीआर५ चा. ६००० ची किट टाकली तर?

---

सोल्डरगन

टाकू नका. एच६१० वर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही आणि एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकच आहे. १२४०० ची अधिकृत मर्यादा ४८००. ६००० ची किट तिथे ४८०० वरच चालेल, तीही सैल टायमिंगने. मिळेल ती स्वस्त पण नावाजलेली किट घ्या. बी६६० किंवा बी७६० बोर्ड असता तर एक्सएमपी लागला असता.

डीडीआर४ चा बी६६० आणि नावात 'के' नसलेला इंटेल अशी जोडी असलेल्यांनीही लक्षात ठेवा: या प्रोसेसरवर एसए व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलरच्या भागाचं व्होल्टेज) कुलूप असतं. त्यामुळे ३६०० ची रॅम गिअर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्या घड्याळाच्या बरोबरीने) टिकेलच असं नाही. गिअर २ मध्ये गेली तर कंट्रोलर निम्म्या वेगावर येतो. ३२०० सीएल१६ गिअर १ मध्ये, हे तिथलं शहाणपण.

---

घोडबंदर_रोड

लॅपटॉपचं काय?

---

चाळीतला_सर्व्हर

लॅपटॉपमध्ये वेगासाठी वेगळे पैसे देऊ नका. बहुतेकांच्या बायोसमध्ये प्रोफाइल लावायची सोयच नसते. कंपनीने ५६०० लिहिलं असेल तर ५६०० घ्या. एलपीडीडीआर५एक्स लिहिलं असेल तर ती सहसा बोर्डाला चिकटवलेली, नंतर बदलता येत नाही. घेतानाच जास्त जीबीची घ्या. एक ८ चिकटवलेली आणि एक स्लॉट रिकामा असेल तर त्यात काहीतरी बसवाच. दुसरा चॅनेल जिवंत होतो, तो फायदा वेगापेक्षा मोठा.

---

नॅनोसेकंद

मूळ विषयाकडे. 'अ'सारखी स्वस्त किट घेऊन हाताने टायमिंग आवळता येतात का, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहितो. येतात, पण ते चिपवर अवलंबून. हायनिक्सच्या १६ गिगाबिट ए-डाय किंवा एम-डाय चिप (चिपच्या आवृत्त्यांची नावं) असतील तर ६००० सीएल३० सहसा जमतं. मायक्रॉनच्या सुरुवातीच्या १६ गिगाबिट चिप असतील तर सीएल फारसा खाली येत नाही. आणि एकाच मॉडेलच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या चिप निघू शकतात. ६००० सीएल३० चं लेबल असलेल्या किटमध्ये मात्र जवळपास नेहमी हायनिक्सच असते, कारण बाकीच्या तिथवर सहजी पोचत नाहीत. ते १२ टक्के त्या खात्रीचे.

ज्यांना हौस आहे त्यांनी सीएल सोडून टीआरएफसी (एक भरणी किती वेळ चालते) आणि टीआरईएफआय (दोन भरण्यांमधलं अंतर) यांच्याकडे बघावं, फुकटातला मोठा फायदा तिथे आहे. डीरॅमची प्रत्येक पेशी म्हणजे गळका कपॅसिटर, दर थोड्या वेळाने पुन्हा भरावा लागतो. साध्या नोंदीप्रमाणे दर ३.९ मायक्रोसेकंदांनी भरणी येते आणि १६ गिगाबिट चिपवर ती २९५ नॅनोसेकंद चालते. तेवढा वेळ वाचन बंद. म्हणजे साडेसात टक्के वेळ रॅम आपल्या कामाची नाही. ६००० वर (३००० चं घड्याळ) २९५ नॅनोसेकंद म्हणजे ८८५ ठोके. हायनिक्सवर टीआरएफसी ४८० ठोक्यांवर, म्हणजे १६० नॅनोसेकंदांवर सहसा चालतो. टीआरईएफआय ११,७०० ठोके असतो, तो ३०,००० केला तर भरणी १० मायक्रोसेकंदांनी येते. साडेसात टक्क्यांचा तोटा १.६ टक्क्यावर.

---

शिवडी_बंदर

थांबा. टीआरईएफआय वाढवायचा सल्ला मुंबईत जपून द्यावा. पेशी गरम झाली की जास्त वेगाने गळते. थंड खोलीत ३०,००० वर न चुकणारी रॅम मे महिन्यात चुकते. पंख्याखालची खोली ३४ अंश, कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून आठ-दहा अंश जास्त, आणि कार्डाची गरम हवा थेट स्टिकांवर. शिवाय डीडीआर५ मध्ये व्होल्टेज उतरवणारी चिप बोर्डावर नसून स्टिकवरच असते, तीही तापते.

एचडब्ल्यूइन्फो या प्रणालीत प्रत्येक स्टिकचं तापमान दिसतं. आवळलेल्या टायमिंगला ५५ च्या पुढे गेलं की चुका सुरू होण्याची शक्यता वाढते. नुसत्या एक्स्पोवर चालवणाऱ्यांना काळजी नाही, तो प्रोफाइल याहून गरम हवेला पुरतो. ज्यांनी हाताने आवळलं आहे त्यांनी वरून खाली वारा देणारा एक १२० मिमी पंखा स्टिकांवर रोखावा.

आणि चाचणी एसी लावून रात्री करू नका. दुपारी करा, कार्डावरही भार ठेवून.

---

नॅनोसेकंद

बरोबर, ही अट मी लिहायला हवी होती. मुंबईत एसीशिवाय चालणाऱ्या पीसीवर टीआरईएफआय मूळ आकड्यावरच ठेवा, फक्त टीआरएफसी आवळा.

---

दादर_टीटी

चाचणी नेमकी कशी? विंडोज चालू झालं म्हणजे झालं, असं नाही ना?

---

सोल्डरगन

नाही. रॅमची चूक लगेच दिसत नाही, हाच तिचा धोका. महिनाभर सगळं ठीक चालतं आणि मग एखादी झिप उघडत नाही, फोटोत रंगीत पट्टा येतो, लाइटरूमची कॅटलॉग खराब होते. डीडीआर५ ला 'ऑन-डाय ईसीसी' (चुकलेला बिट दुरुस्त करायची सोय) आहे म्हणून निर्धास्त राहणारे आहेत. ती दुरुस्ती चिपच्या आतल्या आत होते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत बिट बदलला तर तिला पत्ता नसतो, आणि वेग वाढवल्यावर चुका बहुतेक त्याच वाटेत होतात.

पद्धत:
विंडोज टाकण्याआधी पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घ्या. फुकट आवृत्ती चार फेऱ्या करते, चारही होऊ द्या. ३२ जीबीला काही तास लागतात. एक जरी चूक आली तरी प्रोफाइल नापास. 'एकच तर आहे' असं नसतं.
मग विंडोजमध्ये टेस्टमेम५, अँटा७७७ ची एक्स्ट्रीम फाइल वापरून, एक पूर्ण आवर्तन.
मग वाय-क्रंचर तासभर. हे कंट्रोलर आणि एफक्लॉकची परीक्षा घेतं.
शेवटी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमखाली 'व्हीया' (डब्ल्यूएचईए, हार्डवेअरच्या चुका) नावाच्या नोंदी शोधा. एकही नको.

चूक आलीच तर आधी एफक्लॉक १९०० करून बघा. मग वेग ५८००, टायमिंग तीच. मग एकेक स्टिक ए२ मध्ये ठेवून वेगळी तपासा. एकटीच चुकत असेल तर ती स्टिक बदलून घ्या. दोन्ही एकट्या पास आणि एकत्र नापास होत असतील तर प्रोसेसर काढून सॉकेट बघा. पिन वाकलेली असू शकते, किंवा कूलरचा स्क्रू एका बाजूला जास्त आवळला गेला असेल. एका बाजूला जास्त दाब पडला की एक चॅनेल गायब होतो.

पीसी चालूच होईना तर मेन काढा, बोर्डावरचे सीएमओएसचे दोन पिन (बायोसची सेटिंग पुसणारे) स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटांनी परत घाला.

---

मुलुंड_चेकनाका

पावसाळ्याचंही इथेच नोंदवतो, कारण हे रॅम खराब झाल्यासारखं दिसतं आणि रॅम खराब नसते. जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः माहीम, वरळी, वर्सोवा अशा समुद्राकाठच्या घरांत, ३२ ची अचानक १६ दिसते किंवा डीरॅमचा दिवा पेटून राहतो. खारट दमट हवा आणि धूळ मिळून संपर्कपट्ट्यांवर थर बसतो. स्टिक काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन सोनेरी पट्ट्या पुसा, स्लॉटमध्ये ब्लोअर मारा, वाळल्यावर बसवा. पॉलिश पेपर कधीच नाही, सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. खोडरबर घासायची पद्धत आहे, तीही शक्यतो नको. वापरलाच तर नंतर अल्कोहोलने कण पुसून काढा, नाहीतर तेच स्लॉटमध्ये जाऊन अडकतात.

---

दादर_टीटी

पुढे ६४ करायची झाली तर अशीच आणखी एक किट टाकता येईल ना? बोर्डाला चार स्लॉट आहेत म्हणून विचारतो.

---

नॅनोसेकंद

ते गृहीत धरून पैसे देऊ नका. ७६०० ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२००, चार स्टिकवर ३६००. चार स्टिकवर ६००० चालणं नशिबाचा भाग. एकाच मॉडेलच्या दोन किट घेतल्या तरी त्या एकत्र तपासलेल्या नसतात. ६४ लागणार हे आत्ताच दिसत असेल तर ३२ च्या दोन स्टिक आत्ताच घ्या, भले ५६०० च्या असोत. चार डीडीआर४ स्टिकचा अनुभव इथे लावू नका. तिथे ३२०० वर चार सिंगल-रँक स्टिक सुखाने चालतात आणि रायझेन ५००० वर थोडा फायदाही देतात.

---

विक्रोळीकर

घेतानाचं सांगतो. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा पार्ट नंबर वाचा. किंग्स्टन फ्युरीवर केएफ५६०सी३० अशी सुरुवात असेल तर ५ म्हणजे डीडीआर५, ६० म्हणजे ६०००, सी३० म्हणजे सीएल. पुढे के२-३२ असेल तर दोन स्टिक मिळून ३२. जी.स्किलवर ६०००जे३०३८ असं असतं, ३० हा सीएल आणि ३८ हा पुढचा टायमिंग. दोन सुट्या स्टिक किट म्हणून हातात आल्या तर घेऊ नका. सील एकाच पाकिटावर हवं.

हीटसिंकची उंचीही मोजा. मोठा एअर कूलर असेल तर ४० मिमीच्या वरची स्टिक पंख्याला अडते. उजेडाच्या पट्ट्यांसाठी जास्त पैसे देऊ नका, त्या स्टिक आणखी गरम ठेवतात.

---

दादर_टीटी

मग ठरलं. 'ब', दोन स्टिक, उजेडाशिवाय. उद्या ग्रँट रोडला जातो. बिलात काय बघू?

---

विक्रोळीकर

१८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर पूर्ण पार्ट नंबर आणि दोन्ही स्टिकचे सीरियल नंबर. पाकीट टाकू नका. एक स्टिक बिघडली तरी बहुतेक कंपन्या दोन्ही मागवतात, कारण जोडी एकत्र बदलून मिळते. तेवढे दिवस पीसी बंद राहायला नको असेल तर जुन्या डीडीआर४ चा उपयोग नाही, तिची खाचच वेगळी. डीडीआर५ ची एखादी साधी स्टिक कोणाकडून मिळते का ते आधीच विचारून ठेवा.